खडा नाही, तरी मुलीचं पित्ताशय काढायचं?

मृण्मयी, ओहायो
लेक १३ वर्षांची. आठ महिने उजव्या बरगडीखाली दुखतंय, तेलकट खाल्लं की मळमळतं. सोनोग्राफीत खडा नाही, एंडोस्कोपीत काही नाही. मग हायडा स्कॅन झाला, म्हणजे पित्ताशय किती रिकामं होतं ते पाहणारी तपासणी. पित्ताशय २८ टक्केच रिकामं झालं. ३५च्या खाली म्हणजे 'बिलियरी डिस्किनेशिया', पित्ताशय नीट आकसत नाही, काढून टाकू, असं सर्जन म्हणतात. माझं मत स्पष्ट आहे: खडा नसताना एका आकड्यावर मुलांचा अवयव काढू नये. ही रेघ मोठ्या माणसांसाठी आखलेली. अमेरिकेत या कारणानं मुलांची पित्ताशयं बरीच काढतात, बाहेर क्वचितच. बाकीच्या जगातल्या मुलांची पोटं दुखत नाहीत का?

निखिल, टेक्सास
अजिबात पटलं नाही. माझ्या मुलानं दीड वर्ष काढलं. शाळा बुडाली, वजन सहा किलो उतरलं. 'टेन्शनचं दुखणं आहे' हे ऐकून ऐकून तो दुखतंय म्हणून सांगायचाच बंद झाला. त्याचा आकडा ९ होता. दुर्बिणीतून काढलं, दुसऱ्या दिवशी घरी. तिसऱ्या आठवड्यात वरणभातावर तूप मागितलं त्यानं. मी आत जाऊन रडलो. थांबा म्हणणं सोपं असतं हो, कळा मुलाला सोसाव्या लागतात.

मृण्मयी, ओहायो
निखिलदादा, तो बरा झाला याचा खरंच आनंद आहे. पण ९ आणि २८ सारखे कसे? मुलांवरच्या काही अभ्यासांत १५च्या खाली आकडा, सोबत दुखणं आणि मळमळ असेल तर गुण येण्याची शक्यता जास्त दिसली. शस्त्रक्रियेविनाही पुष्कळ मुलं बरी होतात. आणि काढूनही दुखणं राहिलं तर? जोडीला जुलाब लागले तर?

स्कॅन विभागात काम करणारी
सिंकलाइड, म्हणजे स्कॅनमध्ये पित्ताशय आकसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध, किती वेळात दिलं ते विचारा. ते ६० मिनिटं सावकाश सोडायला हवं. दोन-तीन मिनिटांत दिलं तर निरोगी माणसालाही कळ येते, मळमळतं. त्यामुळे 'औषध देताच तेच दुखलं' हा पुरावा धरू नका. मॉर्फिनसारखं वेदनाशामक घेतलं असेल तरी आकडा पडतो.

चंद्रपूरची परिचारिका
शीर्षकात 'खडा नाही' आहे म्हणून ठीक, नाहीतर मी भांडलेच असते. आमच्याकडे सिकलसेलची मुलं येतात. तांबड्या पेशी सतत फुटतात, बिलिरुबिन वाढतं, त्याचे खडे होतात. पोटात दुखलं की घरचे क्रायसिस, म्हणजे सिकलसेलचीच नेहमीची कळ, समजून थांबतात आणि मूल तापानं फणफणून, कावीळ घेऊन येतं. अशा पालकांनी हे वाचून ऑपरेशन टाळू नये.

मृण्मयी, ओहायो
ताई, दुखणारे खडे असते तर मीच तारीख मागितली असती.

निखिल, टेक्सास
२८ला मीही जरा थांबलो असतो, कबूल. पण किती? मुदत ठरवा आणि ती लेकीला सांगा. माझ्या मुलाला कुणी सांगितली नव्हती.

मृण्मयी, ओहायो
तीन महिने, तिच्याशी बोलूनच. रिपोर्ट आत्ता काढून पाहिला. औषध किती मिनिटांत दिलं ते लिहिलेलंच नाही. सोमवारी फोन करते.