मदत हवी आहे: इम्युलेटरमध्ये सावल्यांच्या जागी काळे चौकोन

नमस्कार मंडळी. जुन्या लॅपटॉपवर प्लेस्टेशन 2 चा इम्युलेटर (त्या कन्सोलचे गेम संगणकावर चालवणारा प्रोग्राम) चालवतोय. वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, प्रोसेसरमधलंच आहे. रॅम 8 जीबी, तीही एकाच स्टिकमध्ये.

गेम सुरू होतो, आवाज नीट येतो, पण पात्रांच्या पायाखाली सावलीऐवजी काळे चौकोन दिसतात आणि धुक्याच्या दृश्यात पडदा लुकलुकतो. आधी अक्षरांमध्ये उभ्या रेघाही यायच्या. रिझोल्यूशन मूळ कन्सोलइतकं केल्यावर त्या गेल्या, म्हणजे तो दोष चित्र मोठं करण्याचा होता. चौकोन मात्र तसेच आहेत.

सॉफ्टवेअर रेंडरर (ग्राफिक्स चिपऐवजी मुख्य प्रोसेसरनेच चित्र काढण्याची पद्धत) लावला की सगळं अगदी बरोबर दिसतं. त्यामुळे गेमची फाइल खराब नाही याची खात्री झाली. पण तेव्हा सगळा भार प्रोसेसरवर जातो, वेग निम्म्यावर येतो आणि खेळणं अशक्य होतं. ग्राफिक्स चिपकडून चित्र काढून घेण्याच्या पद्धतींपैकी व्हल्कन निवडलं तर इम्युलेटर लगेच बंद पडतो. ओपनजीएल आणि डायरेक्टएक्स 11, दोन्हीत चौकोन आहेतच. ड्रायव्हर नवा टाकून पाहिला, शेडर कॅशही (चित्र काढणाऱ्या छोट्या प्रोग्रामचा साठा) पुसली.

ब्लेंडिंगची (पारदर्शक रंग एकमेकांत मिसळण्याची) अचूकता सध्या सर्वांत खालच्या पायरीवर आहे. माझा संशय तिच्यावरच आहे. ती एक पायरी वाढवली तर अशा चिपला झेपेल का? की आधी रॅमची दुसरी स्टिक बसवू? ग्राफिक्स तीच मेमरी वापरतं, म्हणून विचारतोय. हा गेम मला मनापासून पूर्ण करायचाय. कुणी असा दोष सोडवला असेल तर नेमकी सेटिंग सांगा.