ब्लोअर फक्त ४ वर चालतो

ए-२०३: कुणाला गाडीतलं कळतं का? हीटरचा पंखा १, २, ३ वर ठेवला तर हूं की चूं नाही, ४ वर टाकला की एकदम वादळ. आज पहाटे त्या आवाजाने धाकटी रडायला लागली म्हणून पंखा बंद केला, तर दोन मिनिटांत पुढची काच आतून धुरकट. समोरचं काही दिसेना. कडेला थांबून रुमालाने काच पुसत बसले होते. खरंच घाबरले.

सी-१०१: फ्यूज बघा.

बी-४०४: काका, फ्यूज उडाला असता तर ४ वरही चालला नसता. ताई, ब्लोअरचा रेझिस्टर गेलाय बहुतेक. १ ते ३ वर करंट त्याच्यातून जातो म्हणून मोटर हळू फिरते. ४ वर त्याला वगळून मोटरला थेट १२ व्होल्ट मिळतात.

डी-३०१: आमच्या गाडीत कुठल्याच नंबरवर चालत नाही. तेही रेझिस्टरच का?

बी-४०४: नाही. तुम्ही मात्र फ्यूजपासूनच सुरुवात करा, मग रिले, म्हणजे पंख्याला करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच. तरी नाही चाललं तर मोटरच्या प्लगवर १२ व्होल्ट येतात का ते मल्टिमीटरने बघा. येत असतील, अर्थिंगही नीट असेल आणि मोटर गप्प असेल, तर मोटरच गेली. स्विच चालू ठेवून मोटरवर हळूच टकटक करून बघा. फिरायला लागली तर ब्रश, म्हणजे मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे तुकडे, झिजलेत. मल्टिमीटर मी दिला असता, पण तो चार महिने ए-१०२ कडे आहे.

ए-१०२: मी परत केलाय. वहिनींच्या हातात दिला होता.

बी-४०४: वहिनी म्हणतात टेस्टर दिलात.

सी-१०१: फ्यूज बघा. मी तर ३० अँपिअरच्या जागी ४० चा घातला होता, वर्षभर काही झालं नाही.

बी-४०४: काका, तुमचा मान राखून सांगतो, हे कुणीही करू नका. फ्यूज असतो वायर वाचवायला. मोठा घातला तर फ्यूज शाबूत राहतो आणि वायर पेटते.

सी-१०१: ३५ वर्षं गाडी चालवतोय मी.

सी-१०१: हा मेसेज डिलीट केला आहे.

सेक्रेटरी: सर्वांना नम्र विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी वापरावा.

ए-२०३: सेक्रेटरीसाहेब, काल रात्री ११ पर्यंत शुभेच्छांची चित्रं येत होती, तेव्हा कुठे होती ही विनंती? इथे मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे.

डी-३०१: ताई, पंखा ४ वर ठेवा आणि मुलांना सांगा विमान सुटतंय.

ए-२०३: दादा, आज नको.

डी-३०१: सॉरी ताई.

(संध्याकाळी)

बी-४०४: ताईंची गाडी बघितली. डॅशबोर्डखालचा डावीकडचा कप्पा काढला की रेझिस्टर समोरच दिसतो. जळलाय, त्याचा प्लगही वितळलाय. नुसता रेझिस्टर बदलून भागणार नाही, प्लग वायरसकट नवा लागेल. आणि तो जळला का हे शोधलं नाही तर नवाही टिकणार नाही. तो हवेच्या वाटेतच बसवलेला असतो, वाऱ्याने थंड राहावा म्हणून. इथे केबिन फिल्टर धुळीने गच्च, आणि पंख्याच्या पात्यांत वाळकी पानं. पंखा अडखळला की मोटर जास्त करंट ओढते.

ए-२०३: पंधरा दिवस खरखर येत होती. तेव्हाच बघायला हवं होतं.

ए-२०३: आणि पानं कुठली, ते सगळ्यांना माहीत आहे. फांद्या छाटायचा विषय मी दोन सभांत मांडला होता.

डी-२०२: झाडाला दोष देऊ नका. त्याच्या सावलीत गाडी लावायला सगळ्यांना हवं असतं.

ए-२०३: मला ती जागा चिठ्ठीत आली, मी मागितली नव्हती.

सेक्रेटरी: झाडाचा विषय पुढच्या सभेत.

ए-२०३: तिसऱ्यांदा.

(दुसऱ्या दिवशी)

ए-२०३: रेझिस्टर, प्लग, फिल्टर तिन्ही नवे. पानं काढल्यावर मोटर बिनआवाज फिरते. आज २ वर ठेवला, काच स्वच्छ राहिली. ४०४ दादा, दोन तास वाकून काम केलंत, मनापासून आभार.

सी-१०१: फ्यूज बघितला होता का?

ए-२०३: हो काका. ठीक होता.

सी-१०१: बरं. माझ्या गाडीतला ४० चा काढून ३० चा घातला.

बी-४०४: काका, फार बरं केलंत.

ए-१०२: मल्टिमीटर सापडला. माळ्यावर होता. रात्री आणून देतो, वहिनींना सॉरी सांगा.

डी-३०१: आधी माझ्याकडे द्या, उद्या मोटर तपासायचीय.

बी-४०४: आधी माझ्याकडे.