शटडाऊन दिलं तरी कॅबिनेट बंद होत नाही

ट्रॅकबॉल_शहापूर (बेळगाव)
घरच्या आर्केड कॅबिनेटमध्ये (व्हिडिओ गेम खेळायचं उभं कपाट) चौथ्या पिढीचा आय-३ पीसी, विंडोज १०, ४५० वॅटचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा). एन्कोडर (बटणं पीसीला जोडणारं सर्किट) आणि ट्रॅकबॉल यूएसबी हबवर, हबला वेगळं ५ व्होल्टचं अडॅप्टर. फ्रंटएंडमधून (गेम निवडायच्या मेनूतून) शटडाऊन दिलं की मॉनिटर काळा होतो, पण बटणांचे दिवे चालूच आणि आतून फॅनचा आवाज. पॉवर बटण दाबून धरलं तरच बंद. वर रात्री करंट जाऊन आला की मशीन आपोआप सुरू होतं, गेमचा डेमो घरभर वाजतो. एसएमपीएस बदला म्हणताहेत. बदलू का?

निपाणी_वायरिंग
आत्ताच पैसे घालू नका. शटडाऊन देऊन मागचं दार उघडा आणि बघा, सीपीयूचा फॅन फिरतोय की नुसते दिवे आहेत. दोन्ही आजार वेगळे.

फॅन थांबला असेल तर पीसी बंदच झालाय. दिव्यांचं म्हणाल तर तुमच्या हबला अडॅप्टरचा करंट मिळतोय, मग ते विझणार कसे? अडॅप्टर काढून टाका आणि हबला मोलेक्सच्या (एसएमपीएसमधून येणाऱ्या चार वायरींच्या प्लगच्या) लाल-काळ्या जोडीतून ५ व्होल्ट द्या. एसएमपीएस बंद, की दिवे बंद. पिवळी वायर १२ व्होल्टची, ती चुकून लागली तर हब आणि एन्कोडर दोन्ही गेले समजा. जोडण्याआधी मल्टिमीटर लावाच.

स्वस्त हबचा आणखी एक ताप म्हणजे अडॅप्टरचे ५ व्होल्ट यूएसबी वायरीतून उलटे मदरबोर्डात शिरतात. म्हणून आधी हब पूर्ण काढून शटडाऊन देऊन बघा.

ट्रॅकबॉल_शहापूर
हब काढला तरी सीपीयूचा फॅन फिरतोच.

निपाणी_वायरिंग
मग विंडोज अडकतंय, एसएमपीएस निर्दोष. फ्रंटएंडमधून बाहेर या, शिफ्ट दाबून धरा आणि स्टार्ट मेनूतलं शटडाऊन क्लिक करा. यात फास्ट स्टार्टअप (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून शटडाऊन अर्धवट ठेवणारी सोय) वगळून पूर्ण शटडाऊन होतं. नीट बंद झालं तर दोषी तोच: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’, त्यात फास्ट स्टार्टअपची खूण काढा. ती खूण करडी दिसली तर वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा.

तरीही अडकलं तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये सिस्टम डिव्हायसेसखाली मॅनेजमेंट इंजिन इंटरफेस (इंटेलच्या मदरबोर्डातला एक घटक) बघा. या पिढीच्या बोर्डांवर विंडोज अपडेटने त्याचा नवा ड्रायव्हर घातला की पडदा काळा, फॅन चालू, अशी लक्षणं लई जणांकडे दिसलीत. रोल बॅक करा, नाहीतर बोर्डच्या साइटवरचा जुना ड्रायव्हर टाका.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नल-पॉवर ४१ दिसेल, त्याला घाबरू नका. बटण दाबून धरून बंद केल्याचीच ती नोंद. पण ते रोज करू नका, एखाद्या दिवशी फाइल सिस्टम बिघडेल.

खानापूर_पावसाळा
रात्रीचं कोडं बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) आहे. ‘रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस’ पॉवर ऑनवर असणार, ते पॉवर ऑफ करा. भिंतीवरच्या बोर्डाचा स्विच टाकून मशीन चालू करायची सवय असेल तर ती सुटेल, कारण पॉवर ऑफ ठेवल्यावर स्विच टाकून पीसी उठत नाही. मग कॅबिनेटचं एक बटण मदरबोर्डच्या पॉवर स्विचच्या दोन पिनांना जोडा. पोलॅरिटीची चिंता नाही. फक्त मायक्रोस्विचच्या कॉमन आणि एनओ (बटण दाबल्यावरच जुळणारी) पट्ट्या घ्या. एनसी (एरवी जुळलेली) घेतली तर बटण सतत दाबल्यासारखं होतं आणि पीसी चालू होऊन साधारण ४ सेकंदांत विझतो.

आमच्याकडे जुलै-ऑगस्टात हवा इतकी ओली की प्लायवूड फुगतं आणि बटण भोकात अडकून राहतं. तेव्हाही अगदी हेच घडतं, आणि लोक आधी रॅम काढून पुसतात. बटण बोटाने बाहेर ओढून बघा. भोक घट्ट झालं असेल तर पॉलिश पेपरने थोडं मोठं करा.

ट्रॅकबॉल_शहापूर
शिफ्ट धरून एकदम बंद झालं. फास्ट स्टार्टअप काढला, आता फ्रंटएंडमधूनही बंद होतंय. हब मोलेक्सवर घेतो. बायोस पॉवर ऑफ केलं. अ‍ॅम्प्लिफायर मात्र बंद होताना धप्प आवाज करतो.

निपाणी_वायरिंग
तो आजार वेगळा आहे, आधी अ‍ॅम्प्लिफायरचं अडॅप्टर काढा, मग शटडाऊन द्या. आवाज गेला तर १२ व्होल्टचा रिले (विजेने चालू-बंद होणारा स्विच) लावून क्रम बदलता येतो. रिलेच्या २३० व्होल्टच्या बाजूला फेज तोडा, न्यूट्रल नाही, आणि रिले बंद डब्यात बसवा.