उल्हासनगरचे 'कॅम्प' नक्की कुणाचे?

शहाडकर: मंडळी एक प्रश्न. उल्हासनगरात रिक्षात बसलं की 'कॅम्प तीन', 'कॅम्प पाच' असंच बोलतात, आणि ओळखीतल्या एकाचा पत्ता चक्क बॅरेक नंबर आणि त्यात रूम नंबर असा आहे. हे निर्वासितांचे कॅम्प की आधीपासून मिलिटरीचे? काहीजण म्हणतात आधी इथे नुसती शेतं होती.

जुनीपेठ: दोन्ही. दुसऱ्या महायुद्धात मिलिटरीने कल्याणजवळ मोठा ट्रान्झिट कॅम्प उभारला होता, त्याला कल्याण कॅम्पच म्हणायचे. युद्ध संपलं, बॅरेकी रिकाम्या पडल्या आणि लगेच फाळणी. कराची वगैरे सोडून बोटीने मुंबईला उतरलेली सिंधी माणसं ठेवायची कुठे, तर ह्या तयार बॅरेकींमध्ये! जवळजवळ १ लाख लोक आले इथे. एका लांबलचक बॅरेकीत कितीतरी कुटुंबं, मधे भिंत नाही, गोणपाट नाहीतर चादर टांगायची की झाली खोली. मग ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी आले, त्यांनी पायाभरणी केली आणि नाव पडलं उल्हासनगर, उल्हास नदीवरून. शेतं होतीच की, आजूबाजूची गावं पण होती, ती कुणी आठवत नाही एवढंच.

पोस्टमन_काका: कॅम्पचे आकडे पिनकोडमध्ये पण आहेत बघा, ४२१००१ ते ४२१००५, शेवटचा आकडा म्हणजे कॅम्प. सरळ हिशोब.

विठ्ठलवाडी_फास्ट: आणि रेल्वेने शहराचे दोन तुकडे केलेत, १, २, ३ पश्चिमेला, ४ आणि ५ पूर्वेला. कॅम्प १ ला जायचं तर शहाड बरं, ती कसारा लाईन, आणि ४ ला जायचं तर कर्जत लाईनवरचं विठ्ठलवाडी. नवीन माणूस नुसतं 'उल्हासनगर' ऐकून निघतो आणि मग रिक्षावाल्याशी भांडत बसतो 😄

शहाडकर: अच्छा!! मग तिथल्या जागेच्या कागदपत्रांची एवढी भानगड का असते?

जुनीपेठ: तीच तर खरी गंमत. जमीन सरकारची, राहणारे निर्वासित, म्हणजे बाकीच्या गावात सातबारा असतो तशी पिढ्यानपिढ्यांची मालकी इथे कुणाकडे नव्हतीच, सरकारकडून सनद मिळवायची. कुणी मिळवली कुणी नाही, पण कुटुंब वाढत गेलं तसं बॅरेकीच्या पुढे ओटा, मागे खोली, मग वर मजला, मग पाडून बिल्डिंगच. नगरपालिका १९६० ची, महापालिका १९९६ ची, म्हणजे बांधकाम आधी नि नियम मागून असाच प्रकार. शेवटी कोर्टाने पाडापाडीचे आदेश दिल्यावर २००६ मध्ये खास ह्या एका शहरासाठी अनधिकृत बांधकामं नियमित करायचा कायदा करावा लागला सरकारला. नुसतं 'तिथली माणसंच बेकायदा' म्हणून मोकळं होणं मला तरी पटत नाही, मुळात माणसं आणून ठेवली आणि कागद करायचे राहिले.

जीन्सवाला: 'मेड इन यूएसए' म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा जोक कुणीच कसा मारला नाही अजून 😂 पण खरंच, हातात काही नसताना पापड, बिस्किटं विकण्यापासून सुरुवात करून फर्निचर नि जीन्सचं एवढं मार्केट उभं केलं. वालधुनी नदीची मात्र पार वाट लावली जीन्स धुण्याच्या कारखान्यांनी, ते पण लिहा कुणीतरी.

पोस्टमन_काका: वालधुनीसाठी वेगळा धागा काढा, इथे सुरू झालं की संपणार नाही.