बांधाबाहेर कांदळ लावायचा आहे. रोपं आणू की शेंगा खोचू?

खाजणवाला:
कालावल खाडीच्या काठाला आमचं खाजण, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली जमीन, आहे. आजोबांनी घातलेला बांध बाहेरून पोखरत चाललाय. जांभ्याचे दगड टाकले, तेही चिखलात गेले. पलीकडे दाट कांदळवन, म्हणजे खारफुटीचं रान आहे, तो काठ शाबूत आहे. आपणही लावावं म्हणतो. पण गडी म्हणतात, आधी तिथली तिवरं, म्हणजे दुसऱ्या जातीची खारफुटी, तोडून जागा मोकळी करू. काय करू?

चिपीकाठ:
दादा, तिवराला कोयता लावू देऊ नका. चिखलातून वर आलेली त्याची श्वासमुळंच तुमचा गाळ धरून आहेत. शिवाय २०१८च्या उच्च न्यायालयाच्या आदेशानं राज्यात कांदळवन तोडायला बंदी आहे, जमीन कोणाचीही असो.

रोपं नकोत, शेंगाच खोचा. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि हातभर लांब हिरवी शेंग लोंबू लागते. पावसाळ्यात तिच्या टोपीखाली पिवळसर कडं दिसलं की ती पिकली, हलक्या हातानं सुटते. ओढावी लागली तर कच्ची आहे, राहू द्या. किडीचं भोक असलेलीही नको. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती लहान असते तेव्हा, ओहोटीला जा. तेव्हा पाण्याला ओढ कमी असते. निमुळतं टोक खाली करून साधारण तिसरा हिस्सा चिखलात दाबा. दोन शेंगांत मीटरभर अंतर.

जागा मात्र नीट बघा. रोज भरतीचं पाणी येणारा मऊ चिखल हवा, वाळूत कांदळ धरत नाही. उंचावर, जिथं फक्त उधाणाचं पाणी पोचतं, तिथं तिवरच बरं. अगदी पाण्याच्या तोंडाशी चिपी ही तिसरी खारफुटी तग धरते. २०२० मध्ये पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मान मिळाला, मला फार आनंद झाला होता. रात्री फुलते, वटवाघळं येतात तिच्यावर.

मुळेवाली:
एक सांगतंय. बांधासमोरचो सगळो मोकळो चिखल झाडांनी भरू नका. आमच्या बायका थंय मुळे म्हंजे शिंपले काढतत, तेच्यावर घर चलता.

खाजणवाला:
बरं झालं सांगितलंत. बांधालगतच्या पट्ट्यातच लावतो, पुढचा चिखल मोकळा ठेवतो. गुरं येतात तिकडे, काही करावं लागेल?

चिपीकाठ:
हो, कोवळी पानं गुरं सोडत नाहीत. जमिनीकडच्या बाजूनं बांबूचं कुंपण घाला. आणि उधाणानंतर शेंगांना गुंडाळलेल्या पिशव्या, जाळ्याचे तुकडे काढत राहा, नाहीतर पाण्याच्या ओढीनं शेंगा उपटतात.