मदत हवी आहे: घरशाळेचा पसारा आवरायचा कसा?

मुलं दोन, 9 आणि 5 वर्षांची. दोघंही घरीच शिकतात. अभ्यासाला वेगळी खोली नाही, जेवणाचं टेबल हीच शाळा. त्यामुळे दिवसातून तीनदा सगळं मांडायचं आणि तीनदा उचलायचं. कात्री नेमकी हवी तेव्हा सापडत नाही, आणि स्केचपेनांची टोपणं कुठे जातात देव जाणे!

मागच्या महिन्यात झाकणाचे डबे आणून सगळं नीट भरलं. दिसायला छान, पण झाकण लागलं की मुलांच्या लेखी ती वस्तू संपलीच. माँटेसरी पद्धतीत मुलांच्या उंचीची उघडी कपाटं असतात, ते आता पटतंय. पण तसं केलं की धाकटा रंग आणि मणी दिवसभर उपसत बसतो. वरच्या कप्प्यात ठेवलं तर थोरलीचं दर पाच मिनिटांनी "आई, काढून दे".

चाकांची तीन कप्प्यांची ट्रॉली घ्यावी असं डोक्यात आहे. ए-फोर कागद 21 बाय 29.7 सेंटीमीटर, म्हणजे फाइल आडवी मावायला कप्पा आतून निदान 25 बाय 33 तरी हवा ना? कुणी वापरली आहे का? पुस्तकांच्या वजनाने चाकं अडकतात का?

आणि खरी डोकेदुखी म्हणजे झालेली चित्रं आणि वर्कशीट. किती दिवस ठेवता? मी फोटो काढून टाकायला गेले, तर धाकट्याने कचऱ्यातून सगळी परत आणली. लेबलं, रंगीत खुणा वगैरे सुचवणार असाल तर ती तुमच्या घरी सहा महिन्यांनंतरही टिकली का, तेही सांगा.