तोंडीचे वीस गुण : दहावीचा निकाल फुगतोय की मुलांना न्याय मिळतोय?

खडूफळा
मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो, बावीस वर्षं झाली. दहावीला भाषेत ८० गुण लेखीचे आणि २० शाळेच्या हातातले. पास व्हायला दोन्ही मिळून ३५ पुरतात.

एका तोंडी परीक्षेत मी एका मुलाला चार ओळींचा उतारा वाचायला दिला. दुसऱ्या ओळीत तो जोडाक्षरावर अडला आणि मान खाली घालून उभा राहिला. पत्रकात त्याच्या वर १८, १९, १८ असे गुण पडले होते. मी १७ लिहिले. लेखीत त्याला १८ मिळाले. झाले ३५. ते १७ माझ्या हातचे आहेत आणि मला ते आजही खुपतात.

आता निकाल बघा. २०१८ ला राज्य मंडळाचा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे अंतर्गत गुण काढले, निकाल ७७.१० वर आला. ओरड झाली, गुण परत दिले, २०२० ला ९५.३०. मुलं एका वर्षात एवढी हुशार होतात का? हे गुण बंद करा.

रानवाट
सर, मुलाचं पटलं, आकड्यांचं नाही. २०१९ ला दहावीचा अभ्यासक्रमच नवा होता, भाषेला नेहमीच्या प्रश्नपत्रिकेऐवजी कृतिपत्रिका आली होती. २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन सरासरी गुण मिळाले. सगळा फरक वीस गुणांच्या माथी कसा मारता?

माझी पुतणी २०१९ च्या बॅचची. सीबीएसईच्या मुलांना शाळेचे गुण होते, हिला भाषेत नव्हते, आणि अकरावीच्या यादीत दोघं शेजारी शेजारी. आठ दिवस ती खोलीबाहेर आली नाही. पुन्हा कुठल्या बॅचवर हे आणायचंय?

त्रैराशिक
२०२१ कसं विसरलात? लेखी परीक्षा झालीच नाही. नववीच्या निकालाला ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाला ३०, तोंडी-प्रात्यक्षिकाला २०. सगळं शाळेच्या हाती, निकाल ९९.९५ टक्के! अकरावीसाठी सीईटी, म्हणजे सगळ्यांना एकच प्रवेश परीक्षा, घ्यायची ठरली, ती उच्च न्यायालयाने रद्द केली. दुसऱ्या वर्षी ‘असर’ या शैक्षणिक पाहणीवाल्यांनी देशभरातल्या खेड्यांत घरोघरी जाऊन मुलांना वाचायला लावलं, तर पाचवीतल्या ४२.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. वयोगट वेगळा आहे, मान्य. पण बाहेरच्या माणसाने तपासलं की चित्र बदलतं, एवढं तरी दिसतं.

रानवाट
महामारीचं वर्ष पुराव्याला आणू नका हो. तेव्हा मुलं घरातल्या एका मोबाईलवर दहावी करत होती.

सावित्रीची_लेक
सगळ्यांना एकच परीक्षा हाही इलाज नाही. बारावीला वैद्यकीयसाठी नीट, अभियांत्रिकीसाठी सीईटी. कॉलेजचे वर्ग ओस आणि क्लास भरलेले. ज्याच्याकडे फी भरायला पैसे आहेत त्याचे गुण वाढतात, तो फुगवटा नाही का? माझी मुलगी बोलायला लागली की वर्ग ऐकत राहतो, पण तीन तासांत तिचा पेपर पुरा होत नाही. तिचं बोलणं लेखीत कुठे दिसणार?

खडूफळा
ताई, तुमच्या मुलीसाठी तोंडी परीक्षा हवीच, पण खरी हवी. वर्गात ६२ मुलं, परीक्षेला दोन तासिका. एकेकाला जेमतेम मिनिटभर. तुमच्या मुलीला १९ आणि ज्याला वाचता येत नाही त्याला १७! तिच्या बोलण्याची किंमत आम्ही दोन गुण केली.

रानवाट, अभ्यासक्रमाचा मुद्दा बरोबर आहे, तो मी धरायला हवा होता. ‘बंद करा’ मागे घेतो. पण परीक्षक दुसऱ्या शाळेतला असावा आणि मुलाचं बोलणं रेकॉर्ड व्हावं, यावर मी ठाम आहे.

रानवाट
दुसऱ्या शाळेतला परीक्षकही त्याच दबावाखाली असतो. आमच्याकडे बारा गुण देणाऱ्या बाईंना मुख्याध्यापकांनी बोलावून पत्रक पुन्हा लिहायला लावलं. शंभर टक्के निकालाचा फलक फाटकावर लावायचा असतो ना. आधी तो फलक काढा, मग परीक्षक बदला. आणि सर, तुमच्या त्या मुलाचं पुढे काय झालं?

खडूफळा
अकरावीला नाव घातलं, दिवाळीनंतर गेला नाही. मध्यंतरी घरी आला होता, हातात नोकरीचा फॉर्म. म्हणाला, “सर, यात काय लिहिलंय ते जरा वाचून सांगता का?”